हिअर तीन तास, लिसन चार मिनिटं

पस्तीस वर्षं मी आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवलं, आणि दरवर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक खेळ केला. धडा वाचता वाचता मध्येच थांबायचो, मागच्या बाकावरच्या एखाद्याकडे बोट दाखवायचो आणि विचारायचो, "मी आत्ता काय म्हणालो?" तो उभा राहून छताकडे बघायचा. मग मी फळ्यावर दोन शब्द लिहायचो, 'हिअर' आणि 'लिसन', आणि म्हणायचो, "बाळा, तू मला हिअर केलंस, लिसन नाही केलंस. हिअर म्हणजे कानावर पडणं. त्यासाठी काही करावं लागत नाही, कान उघडेच असतात. लिसन म्हणजे कान देणं. ते आपण होऊन द्यावे लागतात."

वर्ग हसायचा. खटावकर सरांचा हिअर-लिसनचा तास म्हणून तो वडगावात प्रसिद्धच होता. लग्नकार्यात माजी विद्यार्थी भेटले की वाकून नमस्कार करून म्हणायचे, "सर, लिसन करतोय बरं का अजून." मला फार बरं वाटायचं. हे सगळं आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी जी फजिती झाली ती किती रास्त होती हे तुमच्या ध्यानात येईल.

निवृत्तीनंतर तीन वर्षांत माझे कान मंदावले. लग्नाच्या हॉलमध्ये तर चार माणसं एकदम बोलायला लागली की मला नुसता भाजीबाजार ऐकू यायचा. शेवटी आमच्या लेकीनं, ऋचानं, पुण्याहून फोनवर दम भरला आणि मी मिरजेला डॉ. आफरीन मुजावरांकडे गेलो. आफरीन माझीच विद्यार्थिनी, आता कानाची डॉक्टर. तिनं माझ्या कानात हरभऱ्याएवढी दोन यंत्रं बसवली. त्यांचं नाव 'अवधान'.

"सर, हे साधं श्रवणयंत्र नाही," ती म्हणाली. "साधं यंत्र सगळेच आवाज मोठे करतं, म्हणून तुम्हाला गोंगाट वाटतो. माणूस बोलतो तेव्हा त्याचा आवाज वर-खाली होतो, बरोबर? ज्याचं आपण मन लावून ऐकतो, त्याच्या चढउतारांमागोमाग आपल्या मेंदूतल्या विजेच्या लहरीही वर-खाली होतात. बाकीच्यांचे आवाज कानात शिरतात, पण मेंदू त्यांच्यामागे तितका जात नाही. या यंत्राला कानाच्या आतून त्या लहरी टिपता येतात. खोलीत चार माणसं बोलत असली तर तुमचा मेंदू कुणाच्या मागे चाललाय ते यंत्र ओळखतं आणि तेवढाच आवाज मोठा करतं."

"म्हणजे हिअर कोणाला करतोय आणि लिसन कोणाला, हे याला कळतं?"

आफरीन हसली. "सर, म्हणून तर तुम्हाला बसवताना मला मजा वाटतेय. फोनवर दर रविवारी अहवाल येईल. कंपनीनं नावंसुद्धा तीच ठेवलीयत. निळी पट्टी हिअर, हिरवी पट्टी लिसन. काय बोललं गेलं ते मात्र यंत्र साठवत नाही, कायद्यानं बंदी आहे. फक्त कोण, कधी आणि किती वेळ."

माझा आयुष्यभराचा तास कुणीतरी यंत्रात भरून माझ्याच कानात बसवला होता. घरी येईपर्यंत मी बसमध्ये दोन अनोळखी माणसांना ही हकिगत सांगितली. एकानं तरी लिसन केलं असावं.

आता उज्ज्वलाबद्दल सांगायला हवं. उज्ज्वला माझी बायको. तिनं तीस वर्षं वडगावच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून काम केलं, आणि त्यातला मोठा भाग माईकसमोर. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' हे तिच्या तोंडून सगळ्या तालुक्यानं ऐकलंय. आमच्या गावात मला खटावकर सर म्हणून जितके ओळखतात, त्याहून जास्त लोक तिला नुसत्या आवाजावरून ओळखतात. भाजीवालीशी बोलायला लागली की शेजारचा म्हातारा आपोआप पिशवी उचलायचा. चार वर्षांपूर्वी राज्यभरातल्या स्थानकांवर यंत्राचा आवाज आला आणि उज्ज्वला मुदतीआधीच निवृत्त झाली.

पहिला रविवार आला. मी चहा घेत होतो, उज्ज्वला समोर मेथी निवडत होती. फोन वाजला आणि मी फुशारकीनं म्हणालो, "चल, बघू या आपला निकाल." आणि आधी स्वतः वाचायचं सोडून मोठ्यानं वाचायला लागलो. पस्तीस वर्षांची सवय.

"क्रिकेटचं समालोचन. हिअर दोन तास पाच मिनिटं, लिसन दोन तास दोन मिनिटं. बघ, काय एकाग्रता आहे. शेजारचे देसाई, हिअर चाळीस मिनिटं, लिसन एकतीस. उज्ज्वला, हिअर तीन तास दहा मिनिटं, लिसन..."

इथे मी थांबलो. उज्ज्वलानं मेथी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि फोन माझ्या हातातून घेतला.

"चार मिनिटं," ती म्हणाली. "आठवड्यात."

"अगं, यंत्र नवीन आहे."

"देसाईंना एकतीस मिनिटं बरोबर मोजली त्यानं." ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं बोटानं अहवाल खाली सरकवला आणि एका ओळीवर थांबली. "मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी," ती म्हणाली, "मी तीन मिनिटं बोलले. लिसन शून्य. काय सांगत होते मी तुम्हाला?"

मागच्या बाकावरच्या मुलासारखं मी छताकडे बघितलं. छताला एक जळमट होतं.

"गॅसच्या नोंदणीचं," मी ठोकून दिलं.

"हो," उज्ज्वला म्हणाली. "गॅसच्या नोंदणीचं." आणि मेथी घेऊन आत गेली.

तेहतीस वर्षांच्या संसारात मला एवढं नक्की कळतं की उज्ज्वला तीन मिनिटं गॅसबद्दल बोलत नाही. काहीतरी मोठं होतं. तिनं ते सांगितलं होतं, मी बहुधा नेहमीसारखं 'हं' म्हणालो होतो, आणि आता पुन्हा विचारावं तर मी खोटं बोललो हे कबूल करावं लागणार होतं. सोमवारपासून मी कंबर कसली. ती बोलायला लागली की मी पेपर घडी करून बाजूला ठेवायचो, खुर्ची तिच्याकडे वळवायचो आणि डोळे रोखून ऐकायचो. जिवाचे कान करणं म्हणतात ते मी अक्षरशः केलं. भेंडीचा भाव, पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह, ऋचाच्या सासूबाईंचा गुडघा, काही सोडलं नाही. मध्येच चोरून फोन बघायचो. हिरवी पट्टी झपाझप वाढत होती.

आणि उज्ज्वलाचं बोलणं कमी कमी होत गेलं. बुधवारी दुपारी ती वरणाला फोडणी देता देता म्हणाली, "अहो, असं परीक्षकासारखं बघू नका. मी काय बोलत होते तेच विसरायला होतं." तिन्ही दिवस मी पूर्ण लक्ष दिलं, पण मागच्या मंगळवारच्या गोष्टीचं नावही निघालं नाही. उलट या मंगळवारी तिनं कपाटाच्या वरची मोठी निळी बॅग काढून पुसून ठेवलेली मी पाहिली. ही बॅग आम्ही लांबच्या प्रवासालाच काढतो.

गुरुवारी सकाळी यंत्र तपासून घ्यायचं निमित्त करून मी मिरज गाठली.

"आफरीन, मागचा मंगळवार, सकाळी आठ दहा," मी म्हणालो. "ती काय बोलली ते कुठून तरी काढून दे. तुरुंगात गेलो तरी चालेल."

"सर, शब्द नाहीतच त्यात. पण तुमच्या लहरींचा आलेख आहे, तो बघू." तिनं मोठ्या पडद्यावर आलेख लावला आणि मान वाकडी करून बघत राहिली. मग दुसरा दिवस लावला, तिसरा लावला. "हे गमतीशीर आहे," ती म्हणाली. "काकू बोलत असताना तुमचा मेंदू अगदी निवांत. देसाई बोलताना असं होत नाही, टीव्हीला होत नाही. फक्त काकूंना. पण त्यांचं बोलणं संपलं की, हे बघा, लगेच तुमचा मेंदू सावध होतो. ऐकायची तयारी करतो. शर्यतीत शिटीची वाट बघत वाकून उभं राहतात ना, तसा. आणि मग काहीच येत नाही. पंधरा-वीस सेकंद वाट बघून तो परत निवांत."

"बोलणं संपल्यावर सावध?"

"प्रत्येक वेळी. आणि मंगळवारी सगळ्यात जास्त, पूर्ण मिनिटभर. सर, तुम्ही काकूंचं ऐकत नाही असं नाही. त्या गप्प झाल्या की तुम्ही ऐकायला बसता. कशाची वाट बघता?"

मी त्या आलेखाकडे पाहत राहिलो आणि मला एकदम लख्ख कळलं.

बसस्थानकावर प्रत्येक घोषणा दोनदा करायची पद्धत. गाडी कुठलीही असो, फलाट कुठलाही असो, दोनदा. उज्ज्वलाच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं की घरीही ती सगळं दोनदा सांगायची. "अहो, गॅस संपलाय. गॅस संपलाय." "ऋचा पास झाली. पास झाली ऋचा." सुरुवातीला मी हसायचो, मग मला सवय झाली, आणि मग माझ्या आळशी मेंदूनं शोध लावला की पहिल्यांदा ऐकायची गरजच नाही. दुसऱ्यांदा येतंच. वर्षानुवर्षं मी पहिली घोषणा सोडून दुसरी पकडत आलो होतो आणि आमचं अगदी सुरळीत चाललं होतं. आणि आता दुसरी घोषणा येत नव्हती. कधीपासून येत नव्हती, हेही मला सांगता येईना.

मी हे आफरीनला सांगितलं तेव्हा ती आधी खूप हसली, मग तिनं चष्मा काढून डोळे पुसले.

"सर, मग नाशिकचं तुम्हाला माहीतच नाही?"

"काय नाशिकचं?"

ती ओशाळली, पण आता बोलून गेली होती. उज्ज्वला पंधरवड्यापूर्वी तिच्याकडे कान तपासून घ्यायला आली होती, दाखल्यासाठी. झालं होतं असं की 'अवधान' वापरणारे लाखभर प्रवासी राज्यात झाले आणि कुणीतरी त्यांच्या पट्ट्या एकत्र करून पाहिल्या. स्थानकावरच्या यंत्राच्या आवाजाला हिअर सगळे, लिसन जवळजवळ कुणीच नाही. यंत्र प्रत्येक वेळी तंतोतंत त्याच सुरात बोलतं. मेंदूला पुढचं आधीच कळतं, म्हणून तो लक्ष काढून घेतो, भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीवरून काढून घेतो तसं. माणूस तेच वाक्य शंभरदा बोलला तरी शंभर वेळा किंचित वेगळं बोलतो, आणि मेंदू तेवढ्यानं जागा राहतो. म्हणून नाशिकच्या नव्या बसस्थानकावर पुन्हा माणसाचा आवाज बसवायचं ठरलं होतं, आणि जुन्या अनुभवी नियंत्रकांना एका वर्षासाठी बोलावलं होतं. घोषणा करायला, आणि नव्या मुलींना शिकवायला.

"उद्या, शुक्रवारी कळवायची शेवटची तारीख आहे," आफरीन म्हणाली. "काकूंचा काल फोन आला होता. मी विचारलं, सर काय म्हणाले? तर म्हणाल्या, 'हं' म्हणाले."

परतीच्या बसमध्ये मी कुणालाही काही सांगितलं नाही. माझ्या बायकोच्या आयुष्यातली इतकी मोठी गोष्ट, तिनं सकाळी आठ वाजता समोर बसून सांगितली, आणि मी 'हं' म्हणून पुढे मिनिटभर कान टवकारून शांतता ऐकत बसलो. मला माझी लाज वाटली. खरोखर वाटली.

घरी आलो तेव्हा पाच वाजले होते. उज्ज्वला दारासमोरच्या ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. मी चपलासुद्धा न काढता तिच्या शेजारी बसलो.

"उज्ज्वला, मंगळवारचं ते गॅसचं नव्हतं. मी खोटं बोललो. मी ऐकलं नव्हतं. पुन्हा सांगशील का?"

ती शेंगा सोलत राहिली. "मी आता एकदाच सांगते," ती म्हणाली.

"तेच तर. कधीपासून?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला आलेखाचं सगळं सांगितलं. तू बोलत असताना मी कसा झोपलेला, तू थांबलीस की कसा जागा होतो, दुसऱ्या घोषणेची कशी वाट बघतो, आणि मंगळवारी पूर्ण मिनिटभर कशी वाट बघितली. माझी बाजू मांडतोय असं तिला वाटू नये म्हणून मी अधूनमधून "चूक माझीच" असं घालत होतो. तिच्या हातातल्या शेंगा थांबल्या.

"पण मी सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "कामाच्या शेवटच्या दिवशी. घरी आले, पिशवी ठेवली आणि म्हणाले, आजपासून मी सगळं एकदाच सांगणार."

"ते किती वेळा सांगितलंस?"

उज्ज्वलानं तोंड उघडलं आणि मिटलं. "एकदाच," ती म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. मीही हसायला लागलो. शेजारच्या देसाईंनी खिडकीचा पडदा सरकवून पाहिलं, तसं तिनं त्यांना हातानंच 'काही नाही, काही नाही' केलं.

हसून झाल्यावर तिनं पुन्हा एक शेंग उचलली. "यंत्र बसवायला आलेला तो मुलगा म्हणाला, मॅडम, दोनदा सांगण्यात वेळ जातो, आमचं यंत्र एकदाच सांगतं. मला वाटलं, इतकी वर्षं आपण निम्मं तोंड फुकटच वाजवलं. म्हणून सोडून दिलं. घरीसुद्धा." तिनं ओंजळभर टरफलं बाजूला टाकली. "खरं तर ते फुकट नसतं हो. पहिल्यांदा सांगितलं की माणूस नुसती मान वर करतो. आपलं गाव आहे का, एवढंच बघतो. दुसऱ्यांदा सांगितलं की ऐकतो. पहिलं सांगणं तुमच्या त्या हिअरसाठी, आणि दुसरं लिसनसाठी. माईकवर बसणाऱ्या कुणालाही विचारा."

मी पस्तीस वर्षं हे दोन शब्द फळ्यावर लिहिले आणि मुलांना दटावलं की तुम्ही कान देत नाही. कान द्यायला समोरच्याला एक संधी द्यावी लागते, ही अर्धी गोष्ट माझ्या तासात कधी आलीच नाही. ती माझ्या घरात रोज दोनदा सांगितली जात होती.

"आता सांग," मी म्हणालो. "मंगळवारचं, पहिल्यापासून."

तिनं सांगितलं. नाशिकचं पत्र, वर्षभराचा करार, राहायला दोन खोल्या, सहा नव्या मुली शिकायला. आफरीनकडून मला हे कळलं होतं, तरी मी ते नव्यानं ऐकलं. बोलता बोलता तिचा आवाज माईकवरचा झाला, ताठ आणि गोड. तो मी चार वर्षं ऐकला नव्हता. तिला तो आवाज परत हवा होता, हे मला यंत्राशिवाय कळलं. आणि मग तिनं असं काही सांगितलं जे आफरीनला माहीत नव्हतं.

"शेवटी मी तुम्हाला तीन प्रश्न विचारले होते. मी जाऊ का? तुम्हाला इथं एकट्याला जमेल का? की तुम्हीपण येता?" ती थांबली. "आणि तुम्ही म्हणालात, 'हं'. मी पाच दिवस विचार करत होते, हे उत्तर कुठल्या प्रश्नाचं धरायचं. रविवारी अहवाल बघितला तेव्हा कळलं, कुठल्याच नाही."

"मग बॅग?"

"जायचं ठरवलं होतं. एकटीनं. चार मिनिटांच्या माणसाला पुन्हा काय विचारायचं?"

मी तिच्याकडे वळून बसलो. परीक्षकासारखा नव्हे.

"तीन प्रश्नांची तीन उत्तरं," मी म्हणालो. "जा. जमणार नाही. येतो."

उज्ज्वला नुसती सुपातल्या शेंगांकडे बघत बसली. मला वाटलं, उशीर झाला. आणि मग मला कळलं की ती वाट बघतेय.

"जा," मी दुसऱ्यांदा म्हणालो. "मला इथं एकट्याला जमणार नाही. मी येतो."

"हं," उज्ज्वला म्हणाली.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघांनी मिळून होकार पाठवला.

आता नाशिकला येऊन पाच महिने झाले. उज्ज्वलाची काचेची केबिन पहिल्या मजल्यावर आहे. खाली फलाट क्रमांक चारच्या बाकावर मी पेपर घेऊन बसतो, बाजूला चहावाला. तिथून मला तिच्या सहा विद्यार्थिनींचे आवाज ओळखू येऊ लागलेत. त्या सगळ्या दोनदा सांगतात. पहिल्यांदा फलाटावरच्या माना वर होतात, दुसऱ्यांदा लोक पिशव्या उचलतात. मी रोज हे बघतो आणि रोज मला मजा वाटते. अहवाल आला की तो मी आता आधी स्वतः वाचतो, आणि बहुतेक वेळा वाचायचा विसरतो.

परवा दुपारी एकच्या सुमारास फलाट भरलेला होता. धुळ्याची गाडी लागली होती, मुलं रडत होती, कंडक्टर ओरडत होते, आणि मी शब्दकोड्यात नाक खुपसून बसलो होतो. तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारच्या बाकावरील खटावकर सरांनी जेवायला वर यावे. डबा उघडला आहे."

फलाटावरच्या निम्म्या माना वर झाल्या. काचेपलीकडे उज्ज्वलानं दुसऱ्यांदा सांगायला पुन्हा माईक तोंडाजवळ घेतला आणि खाली माझ्या बाकाकडे पाहिलं.

बाक रिकामा होता. मी जिना चढत होतो. तिनं माईक बंद केला.